आबा माझ्या जागेवर कळसूबाईला गेले

टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. खोकला कमी आहे का, आणि जेवण जातं का. मनात काय चाललंय ते कुणी विचारत नाही, आणि मला कुणी विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. त्या महिन्यांत माझ्या मनात भीती होतीच, पण भीतीपेक्षा जास्त वेळ हेवा होता. तोही सख्ख्या वडिलांचा. त्या हेव्यापायी मी अकरा दिवस औषध फेकून दिलं. तुमच्या घरात कुणाचा कोर्स चालू असेल तर माझी चूक वाचून तुमची टळावी, एवढ्यासाठी लाज बाजूला ठेवून लिहितो आहे.

आम्ही भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादचे. घर मेंढपाळाचं. माझे वडील, आबा, तरुण होते तेव्हा घरातली माणसं मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर असायची. आता थोडी शेती आहे आणि तीस-पस्तीस मेंढरं. घरात पहिली पदवी माझी, बी.एस्सी. त्या पदवीवर मला नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बिया ठेवायच्या आणि काही दिवसांनी गुंडाळी उघडून किती उगवल्या ते मोजायचं, हे माझं काम. मी आणि बायको सुनीता तिथंच एका खोलीत राहायचो. शिकवलेल्या माय-बापाचे उपकार मी विसरलो नाही, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

बिब्बा

त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेतल्या आठ जणांनी कळसूबाईला जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मीच ठरवलं. ग्रुप मी काढला, गाडी मी ठरवली, कुठून चढायचं, पाणी कुठं मिळतं, सगळं मी शोधलं. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. आमच्याकडं उंच म्हणजे राजूरच्या गणपतीच्या पायऱ्या. त्यामुळं मला त्या शिखराचं वेडच लागलं होतं. मी बूट घेतले आणि रोज संध्याकाळी ते घालून स्टेशनपर्यंत चालून यायचो.

गणपतीच्या सुमारास संध्याकाळचा ताप सुरू झाला. मग उजव्या बरगडीत कळ. मोठा श्वास घेतला की आत कुणी सुई टोचल्यासारखं व्हायचं. सुट्टीत गावी गेलो तेव्हा आबांनी बरगडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "थंडी भरली. मेंढराला भरती तशी."

मेंढराची बरगडी भरली की आमच्यात बिब्ब्याचा चटका देतात. बिब्ब्याचं तेल सुईनं कातडीवर ओळीनं लावायचं. मी विज्ञान शिकलेला माणूस. मी सदरा काढून गप पालथा पडलो. घरात आजवर सगळ्यांना तोच इलाज झाला होता, आणि आबांचा हात लागला की बरं वाटायचं, एवढंच. चटक्यांचे फोड आले, कळ थोडी विसरली गेली आणि माझे पंधरा दिवस फुकट गेले.

जालन्याच्या दवाखान्यात एक्स-रेसाठी सदरा काढला तेव्हा डॉक्टर बाई फोडांकडं बघत राहिल्या.

"हे काय आहे?"

"बिब्बा."

"कुणी दिला?"

"वडिलांनी."

"वडील डॉक्टर आहेत?"

"मेंढरांचे," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. एक्स-रे उजेडाला धरून त्यांनी दाखवला. डावीकडं काळं, उजवीकडं खालचा भाग पांढरा. फुफ्फुसाशेजारी पाणी झालं होतं. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. त्यांनी नीट समजावलं की हा बरा होणारा आजार आहे, औषध सरकारकडून मिळतं, फक्त एक दिवसही चुकवायचं नाही. मी मान हलवत होतो आणि मनात एकच हिशेब चालू होता, की कळसूबाईला अजून सोळा दिवस आहेत.

मी विचारलंसुद्धा. "मॅडम, ट्रेकला जाता येईल का?"

त्यांनी चष्मा काढला. "जिन्यानं खाली उतरून दाखवा आधी."

रिकामी जागा

पाणी काढलं तेव्हा पाठीत सुई होती आणि समोरच्या बाटलीत चहासारखं पिवळट काहीतरी उतरत होतं. सुनीतानं माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं होतं. दवाखान्याचे ते पाच दिवस मला फार वाईट आठवत नाहीत. सकाळी सिस्टर गोळ्या हातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे काका रोज म्हणायचे, "पोरा, तुझा खोकला आज माझ्यापेक्षा हलका हाय, बरं का." त्यांचं ते खोटं मला दिवसभर पुरायचं.

घरी मात्र अवघड गेलं. कंपनीनं रजा दिली आणि आम्ही गावी आलो. मायनं माझं ताट, तांब्या, पेला वेगळा केला. माझा पेला चुलीशेजारच्या दुसऱ्या कोनाड्यात गेला. सुनीता आणि तिच्यात त्यावरून शब्दाला शब्द झाला. मी ओसरीवर खाटेवर पडून दोघींचं ऐकायचो. मध्ये बोलायला श्वास नव्हता.

ट्रेकच्या तीन दिवस आधी योगेश भेटायला आला. तो माझ्याच टेबलावर काम करतो. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर अडखळत म्हणाला, "दत्ता, गाडीत एक जागा रिकामी राह्यली. तुझ्याऐवजी कुणाला घेऊ?"

मी काही म्हणायच्या आत ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सुतळी वळत बसलेले आबा म्हणाले, "मी येऊ का?"

आम्ही सगळे हसलो. आबा हसले नाहीत.

"आबा, लई उंच हाय ते," योगेश म्हणाला. "लोखंडी शिड्या हायेत."

"जन्मभर मेंढरामागं चढलो. एकदा मेंढराबिगर चढून बघतो."

"मंग चला की! मजा येईल."

मला वाटलं आबा माझ्याकडं बघतील. त्यांनी बघितलं. मी म्हणालो, "जा की. जागा रिकामी कशाला ठेवायची." आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. तेव्हा मी नको म्हणालो असतो तर ते गेले नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण नको म्हणायला कारण लागतं, आणि माझ्याजवळचं कारण उच्चारण्यासारखं नव्हतं.

हाळी

आबा आले ते नवीन होऊन आले. पायात त्याच टायरच्या वहाणा, डोक्याला तोच पटका, पण चेहरा असा की माय म्हणाली, "लगीन करून आल्यावानी काय हसून राह्यले?"

त्यानंतर पंधरा-वीस दिवस आमच्या ओसरीवर माणसं येत राहिली. येत होती माझी तब्येत बघायला. दोन मिनिटं माझ्याकडं बघायची, "बरं हाय का आता?" म्हणायची, आणि आबांकडं वळायची. "आबा, खरंच ढग खाली अस्ते का वो?" आजारी मी आणि पाहुणे आबांचे. आबा शिड्या सांगायचे, वरचं देऊळ सांगायचे, खाली चमकणारं धरणाचं पाणी सांगायचे. प्रत्येक वेळी शिडी थोडी लांब व्हायची. मी ओळखून होतो की मी शोधून ठेवलेली माहिती त्यांना योगेशनं गाडीत सांगितली आणि आता ती त्यांच्या तोंडून मलाच ऐकू येत होती.

योगेशनं एक व्हिडिओ पाठवला होता. शिखरावर आबा देवळाबाहेर उभे आहेत. कुणीतरी म्हणतं, "आबा, मेंढरं बोलवा ना!" आबा दोन्ही हात तोंडाशी नेतात आणि लांब हाळी देतात. "हे हे हेऽऽऽ". एका श्वासात. आजूबाजूचे परके लोक टाळ्या वाजवतात.

तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगायला लाज वाटते. हाळी किती सेकंद टिकते ते मी घड्याळ लावून पाहिलं. मग पांघरुणात तोंड घालून, कुणाला ऐकू जाणार नाही अशी, तेवढा वेळ हवा सोडून बघितली. निम्म्यात खोकला आला. माझ्या दुप्पट वयाच्या माणसाची छाती माझ्या दुप्पट होती. मला त्यांचं शिखर नकोच होतं, मला ती छाती हवी होती. सकाळी ते अंगणात खाकरून चूळ भरायचे, त्या आवाजाचासुद्धा मला राग यायचा. असं लिहिताना हात थांबतो, पण ते तसंच होतं.

अकरा दिवस

दुसरा महिना संपत आला. ताप गेला, खोकला जवळपास थांबला, वजन थोडं वाढलं. याच वेळी माणूस फसतो, हे सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गोळ्यांनी मला मळमळायचं, सांधे दुखायचे, दुपारपर्यंत भाकरी बघवत नव्हती. तेवढ्यात ग्रुपवर नवीन गडाचं बोलणं सुरू झालं आणि योगेशनं लिहिलं, "आबांना पण घ्या रे!" खाली सगळ्यांचे अंगठे.

मी ठरवलं की थोडे दिवस गोळ्या बंद करायच्या. पोटभर जेवायचं, चालायचं, ताकद कमवायची आणि या वेळी आबांच्या आधी गाडीत बसायचं. आजार तर गेलाच आहे. असं मी, ज्याला एका ओल्या कागदातली न उगवलेली बीसुद्धा नजरेतून सुटत नाही, तो मी स्वतःला सांगत होतो. सकाळी सुनीतासमोर गोळ्या तोंडात टाकायच्या, पाणी प्यायचं, मेंढरं कोंडतो त्या वाडग्याकडं फिरायला जायचं आणि काट्यांच्या कुंपणापलीकडं थुंकायच्या.

आणि खरंच बरं वाटायला लागलं. मळमळ गेली, भूक लागली. सुनीता खूश झाली. मायनं माझा पेला बाकीच्या पेल्यांत ठेवला. मी वेशीपर्यंत चालून यायला लागलो.

बाराव्या दिवशी सकाळी वाडग्यामागं लघवीला बसून उठलो, तर आबा मागं उभे. काखेत कोकरू.

"दत्ता, गोळ्या घेऊन राह्यला का?"

"घेऊन राह्यलो."

"बराबर घेऊन राह्यला?"

"हो आबा. सुनीतासमोर घेतो. विचारा तिला."

त्यांनी मातीकडं बोट केलं. "मंग पाणी असं पांढरं कसं?"

त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. सिस्टरनी आम्हाला ते घाबरू नका म्हणून सांगितलं होतं. माझ्या ते लक्षातही राहिलं नव्हतं. पण मेंढपाळ माणूस सकाळी उठून आधी जनावराचं पाणी आणि लेंड्या बघतो, मग तोंड धुतो. आबा दोन महिने माझंही बघत होते. कुठल्या कोपऱ्यातली माती रंगली आणि कुठली नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"पहिल्यानं वाटलं पाणी लई पीत असशील," ते म्हणाले. "पाच-सहा रोज बघून राह्यलो. बिलकुल रंग न्हाई."

मी पकडला गेलो होतो आणि पकडला गेलेला माणूस ओरडतो. मीही ओरडलो. इतक्या दिवसांचं एकदम बाहेर आलं. "तुम्ही कशाला गेल्ता वर? माझी जागा होती ती! मी इथं मरून राह्यलो आणि तुम्ही तिथं हाळ्या देऊन राह्यले!"

शेवटी खोकला आला आणि मी कुंपणाच्या मेढीला धरून वाकलो. आबांनी कोकरू खाली सोडलं. माझी खोकल्याची उबळ थांबेपर्यंत ते पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"मला जायचं होतं म्हणून गेल्तो," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. तू नको म्हणला अस्तास तर न्हाई गेलो अस्तो. तू म्हणला न्हाईस."

"कसं म्हणणार?"

"हां, तेबी खरंय." कोकरू परत काखेत घेत म्हणाले, "मेंढराला औषध पाजताना गिळेपर्यंत त्याचं तोंड धरून ठेवावं लागतं. उद्यापासून तुझं धरू का?"

मला हसू यायला नको होतं. आलं.

वाट बघणं

त्याच दिवशी आबांनी मला मोटारसायकलच्या मागं बसवून दवाखान्यात नेलं. खरं तर मी चालवत होतो आणि ते मागं बसले होते, पण नेलं त्यांनीच. सिस्टरसमोर मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या, आणि मग रागापेक्षा वाईट असं काहीतरी शांतपणे म्हणाल्या. अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, कधीकधी शिकतात. मग ह्या गोळ्या चालत नाहीत. पुन्हा थुंकी तपासायला पाठवावी लागेल.

रांगेत राजूरकडची एक बाई होती. तिनंही मध्येच सोडलं होतं, शेतीच्या कामाच्या गडबडीत. आता तिच्या गोळ्यांची पिशवी माझ्या पिशवीपेक्षा कितीतरी मोठी होती. तिनं माझ्या पिशवीकडं असं बघितलं, की मी ती मांडीखाली घेतली. त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला माझा हेवा वाटला.

निकाल यायला जितके दिवस लागले तितके दिवस मी जसा भ्यालो, तसा निदानाच्या दिवशीही भ्यालो नव्हतो. तेव्हा आजार माझ्यावर आला होता. आता मी तो बोलावला होता. सुनीता बोलत नव्हती. एकदाच म्हणाली, "मी तुमच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन राह्यले व्हते. रोज. मला काय समजलात तुम्ही?" तिनं मला माफ केलं, पण त्यानंतर गोळ्या द्यायचं काम तिनं आबांना देऊन टाकलं.

निकाल चांगला आला. गोळ्या चालणार होत्या. चुकलेले दिवस भरून काढायचे होते, म्हणून कोर्स लांबला. रोज सकाळी आबा समोर बसायचे. "जीभ दाखव. वर कर. हां." मायला ते बघून हसू आवरायचं नाही. मी गिळायचो, आणि हेवा मात्र गेला नव्हता. तो गोळ्यांनी जात नाही. फक्त आता तो मला उठून काही करायला लावत नव्हता.

चढण

कोर्स संपला, एक्स-रे स्वच्छ आला, मी कामावर परत गेलो. पुढच्या थंडीत डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हळूहळू चढा, त्रास झाला तर परत फिरा. योगेशनं गाडी ठरवली आणि न विचारता आबांची जागा धरली. मला ते आवडलं नाही.

निम्म्या चढावर एका टपरीवाल्यानं आबांना लांबूनच ओळखलं. "आले का बाबा परत! त्या सालची तुमची हाळी अजून ध्यानात हाय!" त्यानं त्यांना बाकावर बसवलं, चहा दिला. माझ्याकडं बघून विचारलं, "हा कोण?"

मी चहा न पिता पुढं निघालो.

मुद्दाम भरभर चढलो. छाती साथ देत होती. दगडांच्या पायऱ्या, मग शिडी, पुन्हा पायऱ्या, पुन्हा शिडी. गार वारा थेट खालपर्यंत आत जात होता आणि कुठंही सुई टोचत नव्हती. शेवटच्या शिडीखाली मागं वळून बघितलं. आबा दिसत नव्हते. मला आनंद झाला. दुसरं काहीही वाटायच्या आधी आनंद झाला, हे मी इथं खरं लिहितो.

शिडी चढून वर आलो. योगेश आधीच पोचला होता, त्यानं मिठी मारली. देवीपुढं डोकं टेकलं. फोटो काढले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. आमचे मागचे सगळे वर आले.

"आबा कुठं?" मी विचारलं.

"व्हते की मागं."

मी शिडी उलटा उतरलो. शिडीच्या पायथ्याला, बाजूच्या दगडावर आबा बसले होते. पटका मांडीवर, सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी, तोंड उघडं. छाती वरखाली होत होती.

"काय झालं, आबा?"

त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. मग म्हणाले, "दम लागला रे."

"मस्करी करू नका."

"मस्करी कशाची. गेल्या साली न्हाई लागला."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. माझं मन राखायला ते नाटक करत असतील, असं मला वाटलं. नाटक असावं, असंही वाटलं. मनगट धरून बघितलं तर नाडी पळत होती. ज्या छातीसाठी मी वर्षभर जळलो ती छाती माझ्यासमोर हवा ओढत होती, आणि त्या क्षणी मला तो हेवा परत हवा होता. त्यांनी वर जाऊन टाळ्या घ्याव्यात आणि मी खाली बसून जळावं, हे चाललं असतं.

"खाली जाऊ आपण," मी म्हणालो. "दवाखान्यात दाखवू."

"दाखवू की. जल्दी काय हाय? बसू दे जरासं." त्यांनी मला दगडावर शेजारी जागा केली. "वर काय हाय, ते सांग."

"तुम्ही बघितलंय की."

"मी बघितलं ते मी सांगितलं समद्यांला. तू काय बघितलं ते सांग."

मग मी सांगायला लागलो. धरणाचं पाणी सांगितलं, ढग सांगितले, देवळावरचं निशाण, डोंगरांच्या एकामागं एक रांगा. मध्ये ते "हां" म्हणायचे. माझा एक हात त्यांच्या पाठीवर होता आणि आतला श्वास हळूहळू जाग्यावर येत होता, म्हणून मी थांबलो नाही. वर मी सगळा वेळ शिडीकडंच बघत होतो, त्यामुळं बरंचसं मनानंच सांगितलं.